हायडेलबर्ग: एक दिवस आणि एक रात्र, नव्याने आलेल्यांसाठी

दर ऑक्टोबरला हिवाळी सेमिस्टर सुरू झालं की माझ्या फोनवर तोच निरोप येतो: "ताई, शनिवारी हायडेलबर्गला येतोय, काय काय बघू?" मी जर्मनीतल्या या गावात तीन वर्षं राहिले, मास्टर्स तिथेच केलं, आणि या काळात कितीतरी मराठी मुलामुलींना गावात फिरवलं. त्यातले बरेच जण आधी एकदा स्वतःहून येऊन गेलेले असायचे. सकाळी अकराला स्टेशनवर उतरायचं, गर्दीतून किल्ला चढायचा, पुलावरच्या माकडाच्या पुतळ्याबरोबर फोटो काढायचा आणि पाचच्या गाडीने परत. वर म्हणायचे, "छान आहे, पण दोन तासांत संपतं."

मला ते ऐकून वाईट वाटायचं. घोळ फक्त क्रमाचा असतो. किल्ला सकाळी, विद्यापीठ दुपारी, संध्याकाळी नदी ओलांडून पलीकडे, आणि रात्री पुन्हा जुन्या गावात. हा क्रम धरलात तर एका दिवसात हे गाव मनात घर करतं. पाचला परत गेलात तर त्याचा चांगला अर्धा भाग तुम्ही पाहिलेलाच नसतो.

निघण्याआधी: पिशवीत काय हवं

- पासपोर्ट किंवा रेसिडेन्स परमिटचं कार्ड. क्लबच्या दारात वय विचारतात, आणि फोनमधला फोटो बहुतेक ठिकाणी चालत नाही.
- विद्यार्थी ओळखपत्र. किल्ला आणि संग्रहालयात सवलत मिळते. "माझं झालंय ॲडमिशन" एवढं सांगून भागत नाही.
- रोख ४० ते ५० युरो, त्यात थोडी सुटी नाणी. स्वच्छतागृहात ५० सेंट ते १ युरो लागतो.
- चांगल्या तळव्याचे बूट. जुन्या गावात दगडी फरसबंदी आहे आणि पावसात ती निसरडी होते.
- जाकीट, जूनमध्येसुद्धा. रात्री नदीकडून गार वारा येतो.
- पाण्याची बाटली. हॉटेलात पाणी मागितलं की विकतचं येतं, तेही बहुधा सोड्यासारखं फसफसणारं. साधं हवं असेल तर "श्टिलेस वासर" म्हणा.

१. पोहोचणं: मुख्य स्टेशन म्हणजे गाव नव्हे

पहिली चूक इथेच होते. हायडेलबर्गचं मुख्य स्टेशन जुन्या गावापासून बरंच पश्चिमेला आहे. बाहेर आलात की काचेच्या इमारती आणि ट्रामचे रूळ दिसतात, आणि माणसाला वाटतं आपण चुकून दुसऱ्याच गावात उतरलो. तिथून चालत निघू नका. ३३ नंबरची बस "राटहाउस/बेर्गबान" या थांब्यावर सोडते, तो थांबा किल्ल्याच्या थेट पायथ्याशी आहे.

त्याहून सोपा उपाय फार कमी जणांना माहीत असतो. शेजारच्या मानहाइम शहराकडून येत असाल तर एस १ किंवा एस २ ही लोकल पकडा आणि मुख्य स्टेशनवर न उतरता पुढे "हायडेलबर्ग-आल्टश्टाट" स्टेशनपर्यंत जा. तुम्ही जुन्या गावाच्या पूर्व टोकाला उतरता आणि दहा-पंधरा मिनिटांत कोर्नमार्क्ट चौकात पोहोचता. एस ३ मध्ये मात्र बसू नका, ती मुख्य स्टेशनवरून कार्ल्सरूहेकडे वळते.

तिकिटाबद्दल एक सावधगिरी. महिनाभर सगळ्या लोकल, ट्राम, बसमध्ये चालणारं डॉइचलँड टिकिट २०२३ साली ४९ युरोंत सुरू झालं, नंतर महाग झालं, तरी फिरणाऱ्याला परवडतंच. पण ते वर्गणीसारखं आपोआप पुढे चालू राहतं. एकाच महिन्यासाठी हवं असेल तर त्याच महिन्याच्या १० तारखेच्या आत रद्द करावं लागतं. अकराव्या तारखेला आठवलं तर पुढच्या महिन्याचे पैसे गेलेच. आणि हे तिकीट आयसीई, आयसी या लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्यांत चालत नाही. तिकीट तपासनीस तिथे कुठलीही सबब ऐकत नाही.

२. सकाळ: किल्ला, पण दहाच्या आत

कोर्नमार्क्टवरून बेर्गबान नावाची दोरखंडाने ओढली जाणारी छोटी रेल्वे वर जाते. १८९० पासून ती धावतेय. किल्ल्याच्या तिकिटात आवार, वाइनचं प्रचंड पिंप, औषधसंग्रहालय आणि या खालच्या टप्प्याचा प्रवास असं सगळं धरलेलं असतं, म्हणून रेल्वेचं वेगळं तिकीट आधीच काढून बसू नका. आतले दालन मात्र मार्गदर्शकाबरोबरच बघता येतात, त्याचे पैसे निराळे. गुडघे धड असतील तर पायऱ्यांनी चढा. तीनशेहून जास्त पायऱ्या आहेत, पण सिंहगड चढलेल्याला त्यांचं काही वाटायचं कारण नाही.

नऊ-साडेनऊला वर असाल तर आवार जवळपास मोकळं मिळतं. अकरानंतर बसगाड्या भरभरून माणसं येतात.

आता काय बघायचं. हा किल्ला पडका आहे आणि मुद्दाम पडका ठेवलेला आहे. फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या सैन्याने तो आधी १६८९ मध्ये आणि मग १६९३ मध्ये उद्ध्वस्त केला. (१६८९ हे वर्ष वाचून मी तिथेच थबकले होते. त्याच वर्षी मार्चमध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली आणि वर्षअखेर रायगड पडला.) पुढे डागडुजी चालू असताना १७६४ मध्ये वीज पडली आणि मग राजघराण्याने नाद सोडला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फ्रीडरिशबाउ ही एक इमारत पुन्हा उभी केली, तेव्हा जर्मनीत मोठा वाद झाला: पडलेली वास्तू नव्यासारखी करायची की आहे तशी जपायची? जपणारे जिंकले. म्हणून आज आवारात उभं राहिलं की एका बाजूला अख्खी इमारत दिसते, आणि शेजारच्या ओटहाइनरिशबाउची नुसती दर्शनी भिंत, जिच्या खिडक्यांतून पलीकडचं आकाश दिसतं. आपल्याकडे गडांची डागडुजी कशी करावी यावर जे बोललं जातं, ते आठवल्याशिवाय राहत नाही.

बाहेर बागेच्या बाजूला फुटका बुरूज आहे, तो चुकवू नका. फ्रेंचांनी सुरुंग लावला तेव्हा बुरुजाचा अर्धा भाग मोडून न पडता अख्खा तुकडाच्या तुकडा सरकून खंदकात कलला, आणि तो आजही तसाच तिरका पडलेला आहे. भिंतीची जाडी सहा मीटरांहून अधिक. उघड्या पडलेल्या भागात आतले मजले आणि कमानी कापलेल्या फळासारख्या दिसतात. माझी आई आली होती तेव्हा ती इथे बराच वेळ काही न बोलता उभी होती.

मग पिंप. १७५१ साली बांधलेलं हे लाकडी पिंप सुमारे २ लाख २० हजार लिटरचं आहे आणि त्याच्या माथ्यावर नाचायला फळ्यांचा चौथरा आहे, जिन्याने वर जाता येतं. एवढं मोठं कशाला? शेतकऱ्यांकडून कराच्या रूपात वाइन यायची, ती सगळी यात एकत्र ओतायची. समोर ठेंगणा पेर्केओ उभा आहे, दरबारचा विदूषक आणि पिंपाचा राखणदार. त्याने जन्मभर वाइनच प्यायली आणि एकदा पाणी प्याला तर गेला, अशी दंतकथा तिथे सांगतात.

तिकीट काढायचं नसेल तर बाग फुकट आहे, आणि तिथल्या शेफेल गच्चीवरून दिसणारं गाव, नदी आणि पूल या दृश्यासाठी कुणी पैसे घेत नाही.

वरची क्योनिगश्टूल टेकडी ५६८ मीटरवर आहे. तिथे जाणारी लाकडी डब्यांची जुनी गाडी १९०७ ची आहे, तिचं तिकीट वेगळं. हवा स्वच्छ असेल तरच जा. धुक्यात वर काहीही दिसत नाही.

३. दुपार: विद्यापीठ आणि त्याचा तुरुंग

खाली उतरून मार्क्टप्लात्स या बाजारचौकात या. १६९३ च्या आगीत जवळजवळ सगळं गाव जळालं. हाउस त्सुम रिटर नावाचं दगडी घर, १५९२ चं, तेवढं वाचलं, आणि ते चर्चसमोरच उभं आहे. त्याच हायलिगगाइस्ट चर्चमध्ये युरोपातला एक थोर ग्रंथसंग्रह होता. तीस वर्षांच्या युद्धात गाव पडलं आणि १६२३ मध्ये पुस्तकं खेचरांवर लादून रोमला नेली. बरीचशी आजही व्हॅटिकनमध्ये आहेत.

विद्यापीठ १३८६ चं, आजच्या जर्मनीतलं सर्वांत जुनं. त्याला एक असं आवार नाही, जुन्या गावात जागोजागी त्याच्या इमारती आहेत. वेळ कमी असेल तर बाकी सोडा पण आउगुस्टिनरगासेमधला विद्यार्थी-तुरुंग बघाच. विद्यापीठाला आपल्या विद्यार्थ्यांना स्वतःच शिक्षा करायचा अधिकार होता. रात्री रस्त्यात दंगा, पोलिसांशी हुज्जत, द्वंद्वयुद्ध अशा गुन्ह्यांसाठी मुलांना काही दिवस ते काही आठवडे इथे कोंडत. १७७८ ते १९१४ हा तुरुंग चालू होता. व्याख्यानाला मात्र सोडत, त्यामुळे शिक्षा हळूहळू मानाची गोष्ट झाली.

भिंती जवळून बघा. काजळी, रंग, मेणबत्तीचा धूर, हाताला येईल त्याने मुलांनी स्वतःच्या टोपीसकट काळ्या सावलीसारख्या आकृत्या काढल्यात, खाली नाव आणि किती दिवस भोगले ते. जिन्याच्या भिंतीपासून छतापर्यंत बोटभर जागा मोकळी नाही. शौचालयाला त्यांनी सिंहासनकक्ष नाव दिलं होतं. तिकीट जुनं सभागृह आणि विद्यापीठ संग्रहालयासकट एकच असतं. उघडण्याच्या वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, आधी बघून जा.

आपल्यासाठी इथे आणखी एक धागा आहे. विद्यापीठाची दक्षिण आशिया संस्था १९६२ ची. जेजुरीचा खंडोबा, बिरोबा, म्हस्कोबा आणि धनगरांच्या ओव्या यांचा अनेक वर्षं अभ्यास केलेले गुंथर सोनथायमर याच संस्थेत प्राध्यापक होते. १९९२ साली ते गेले. संस्था आता बेर्गहाइम भागात फोसश्ट्रासेवर आहे, बिस्मार्कप्लात्स या मुख्य ट्राम-बस चौकातून चालत जाता येतं. तिथे ग्रंथालयात पहिल्यांदा देवनागरीत मराठी पुस्तकांचे कणे दिसले, तेव्हा घर सोडल्यापासून दाबून ठेवलेलं सगळं वर आलं होतं.

४. पोटाचं काय

मुख्य रस्ता हाउप्टश्ट्रासे दीड किलोमीटरहून लांब, आणि त्यावरचं जेवण महागच. स्वस्तात पोट भरायचं तर मार्श्टालहोफमधली विद्यार्थी मेन्सा. मोठी दगडी जुनी इमारत, आत ताट वजनावर. बाहेरच्या माणसालाही जेवता येतं, दर थोडा जास्त.

शाकाहारी असाल तर दोन शब्द पाठ करा. "स्पेक" म्हणजे डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे. ते परतलेल्या बटाट्यात, फ्लामकूखेनवर (पातळ पिझ्झासारखी पोळी), कधी सॅलडमध्येही असतात आणि मेनूवर दरवेळी ठळक लिहिलेलं नसतं. "ओने फ्लाइश" (मांसाशिवाय) म्हटलं तरी स्पेक येऊ शकतो, कारण कित्येकांच्या लेखी तो मांसात मोडतच नाही. "इश एसे वेगेटारिश, आउख काइनेन स्पेक" (मी शाकाहारी खाते/खातो, स्पेकही नको) असं पूर्ण सांगा. केझेश्पेत्सले, म्हणजे चीजमध्ये घोळवलेले घरगुती शेवयांसारखे तुकडे, बहुतेक ठिकाणी मिळतात आणि पोटभर असतात. माउलटाशेन करंजीसारखे दिसतात, पण आत बहुधा मांस असतं.

रविवारी दुकानं बंद. पाणी, फळं, बिस्किटं शनिवारीच घेऊन ठेवा.

५. संध्याकाळ: नदी ओलांडाच

हा टप्पा गाळलात तर माझा हा सगळा लेख फुकट गेला.

किल्ला क्योनिगश्टूल टेकडीच्या उत्तरेकडच्या उतारावर आहे. पश्चिमेकडचं तिरपं ऊन संध्याकाळी त्याच्या लाल वालुकाश्मावर पडतं आणि भिंत आतून पेटल्यासारखी दिसते. ते बघायचं तर समोरच्या काठावर उंचावर हवं, म्हणजेच फिलोसोफेनवेग या टेकडीवरच्या पायवाटेवर.

बहुतेक लोक जुन्या पुलावरून श्लांगेनवेगच्या दगडी पायऱ्या चढून जातात आणि अर्ध्यात दम लागून परत फिरतात. तुम्ही उलटं करा. बिस्मार्कप्लात्सजवळच्या पुलावरून पलीकडच्या नॉयनहाइम भागात जा आणि तिथून फिलोसोफेनवेग धरा. सुरुवातीची दहा मिनिटं चढ खडा आहे, त्यानंतर वाट टेकडीच्या कडेने सपाट जाते. सूर्यास्ताच्या तासभर आधी वर पोहोचा. जूनच्या शेवटी सूर्य साडेनऊच्या सुमारास मावळतो आणि डिसेंबरात साडेचारला, तेव्हा वेळ बघून निघा. बाकावर बसा. खाली नेकार नदी, पुलाच्या कमानी, चर्चचा मनोरा, वर किल्ला. १९०७ मध्ये शिकायला आलेल्या कवी इक्बालांनी याच नदीकाठच्या संध्याकाळवर उर्दूत कविता लिहिली आणि काठच्या एका रस्त्याला आज त्यांचं नाव आहे.

उतरताना श्लांगेनवेग घ्या, पण उजेड असेपर्यंतच. दोन उंच भिंतींमधून वळणावळणाने जाणारी ही वाट अंधारात आणि पावसात धोक्याची आहे. माझी मैत्रीण तिथे घसरून पायाला प्लास्टर घालून बसली होती. अंधार पडला असेल तर आलात त्याच रस्त्याने परत या.

खाली उतरलात की समोर जुना पूल. १७८८ मध्ये पुरा झाला, मार्च १९४५ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्यानेच त्याच्या कमानी उडवल्या, १९४७ पर्यंत पुन्हा बांधला. गावाकडच्या टोकाला हातात आरसा धरलेलं ब्राँझचं माकड आहे: आरशाला हात लावला तर पैसा, बोटांना लावला तर पुन्हा हायडेलबर्गला येणं, शेजारच्या उंदरांना लावला तर पोरंबाळं. दुपारी इथे रांग असते. रात्री माकड एकटंच असतं.

जून, जुलै आणि सप्टेंबरात वर्षातून तीनदा किल्ल्याची रोषणाई होते: जून आणि सप्टेंबरचा पहिला शनिवार, जुलैचा दुसरा. किल्ला लाल उजेडात जळताना दाखवतात, १६८९ आणि १६९३ च्या आठवणीत, आणि मग आतषबाजी. नेकारवीझेच्या हिरवळीवर संध्याकाळीच सतरंजी पसरून जागा धरा. परतीची गर्दी मोठी असते, तासभर बसून मग निघालेलं बरं.

६. रात्र: उंटेरे श्ट्रासे आणि आसपास

हाउप्टश्ट्रासेला समांतर, नदीच्या बाजूची गल्ली म्हणजे उंटेरे श्ट्रासे. दाराला दार लागून छोटे बार, आणि वीकेंडला माणसं गल्लीतच उभी. तरुण गर्दी हवी असेल तर इथे या. मला स्वतःला मात्र जुन्या विद्यार्थी खानावळी जास्त आवडतात: त्सुम रोटेन ऑक्सेन, त्सुम सेपल, श्नूकेलोख. रोटेन ऑक्सेन १८३९ पासून एकाच घराण्याकडे आहे. लाकडी टेबलांवर हात फिरवला की कोरलेली नावं बोटांना लागतात, इतकी जुनी की कडा झिजून गुळगुळीत झाल्यात. भिंतींवर टोप्या घातलेल्या विद्यार्थ्यांचे पिवळे पडलेले फोटो. टेबल लांब असतात, अनोळखी लोकांशेजारी बसायचं, आधी "इस्ट हीर नोख फ्राय?" (इथे जागा आहे का?) विचारायचं. माझी जर्मन क्लासात जेवढी सुधारली नाही तेवढी त्या बाकांवर सुधारली.

संगीत हवं असेल तर क्रेमरगासेमधला केव्ह ५४. १९५४ चा विद्यार्थ्यांचा जॅझ क्लब, अरुंद जिन्याने तळघरात उतरायचं. जॅम सेशनच्या रात्री जा.

आता इथले रिवाज आणि खड्डे:

- रोख पैसे. माझ्या पहिल्याच महिन्यात एका बारमध्ये चौघांचं बिल आलं आणि त्यांना कार्ड चालत नव्हतं. मैत्रिणींना ओलीस ठेवल्यासारखं बसवून मी पावसात एटीएम शोधत पळाले, आणि त्या मशीनने वर शुल्कही कापलं. बसण्याआधीच "कार्टे मोएग्लिश?" (कार्ड चालेल का?) विचारा.
- बिअरच्या ग्लासाखालच्या पुठ्ठ्यावर वेटर रेघा मारतो, तोच तुमचा हिशोब. तो खिशात घालू नका, फाडू नका.
- बिल देताना "त्सुझामेन ओडर गेट्रेंट?" म्हणजे एकत्र की वेगवेगळं? वेगळं देण्यात कुणालाही काही वाटत नाही. टिप पाच ते दहा टक्के, आणि ती टेबलावर न ठेवता रक्कम वाढवून तोंडी सांगायची.
- "प्रोस्ट" (म्हणजे चीअर्स) म्हणताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं. न बघणं असभ्य समजतात.
- श्टाइनगासेतल्या फेटर ब्रुअरीच्या "फेटर ३३" मधला ३३ हा आकडा अल्कोहोलचा नाही, आंबवण्याआधीच्या माल्टरसाच्या दाटपणाचा आहे. तरीही ती साध्या बिअरच्या दुपटीहून कडक असते. लहान ग्लास घ्या, सावकाश प्या.
- पीत नसाल तर संकोच नको. आप्फेलशोर्ले, म्हणजे सोडा घातलेला सफरचंदाचा रस, मागा. मी कित्येक रात्री त्यावरच काढल्या आणि कुणी एकदाही कारण विचारलं नाही.
- बिअर आणि वाइन १६ वर्षांपासून, कडक दारू १८ पासून.

एक कळकळीची विनंती. या गल्ल्यांत वरच्या मजल्यांवर माणसं राहतात, लहान मुलं झोपलेली असतात. रात्री दहानंतर शांतता हा इथे कायदा आहे आणि जुन्या गावातल्या गोंगाटावरून कोर्टापर्यंत भांडणं गेलेली आहेत. बाहेर पडल्यावर गाणी आणि आरडाओरडा नको. आपण घोळक्याने फिरतो, मराठीत मोठ्याने बोलतो, दगडी गल्लीत आवाज दुप्पट होतो.

७. परत जाणं

बारमध्ये शिरण्याआधीच आरएनव्ही या इथल्या ट्राम-बस कंपनीच्या ॲपवर शेवटची ट्राम बघून ठेवा. आठवड्याच्या मधल्या रात्री आणि वीकेंडच्या रात्री यांचं वेळापत्रक निराळं असतं, आणि मध्यरात्रीनंतर थांबेही बदलतात. बिस्मार्कप्लात्स हा रात्रीचा मुख्य थांबा, जुन्या पुलापासून वीसेक मिनिटं चालत. गजबजलेल्या हाउप्टश्ट्रासेवरून जा, नदीकाठच्या रिकाम्या वाटेने नको. नेकारवीझेवर रात्री उशिरा एकट्याने बसू नका, सोबत असेल तर सुरेख जागा आहे. पोलिसांना ११०, रुग्णवाहिकेला ११२.

रिकाम्या बाटल्या फोडू नका, कचऱ्यातही टाकू नका. साध्या बिअरच्या काचेच्या बाटलीवर ८ सेंट परत मिळतात आणि एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटलीवर २५. दुकानात परत करायचा कंटाळा असेल तर कचरापेटीशेजारी जमिनीवर उभी ठेवा. पहाटे कुणीतरी पिशवी घेऊन येतं आणि एकेक गोळा करून नेतं.